मुदतीचा शनिवार

"...पण मग मुदत धरायची कधीपासून, उस्ताद? पहिल्यांदा छापलं तेव्हापासून, का दुसऱ्यांदा?"

हिंदुराव कणशांनी हे इतक्या तावातावानं विचारलं, की अंगणातले दुखणेकरी आपापलं कण्हणं थांबवून बघायला लागले. उस्ताद मीरासाहेब मात्र बांबूच्या कामट्या तासत होते. पंचक्रोशीतले जुने हाडवैद्य ते. हिंदुराव त्यांचे शिष्य, आणि स्वतःच्या मते सगळ्यांत हुशार.

"वकील काय म्हणतो?"

"म्हणतो, बदनामीचा दावा छापल्यापासून वर्षाच्या आत लावायचा. नऊ वर्षांमागं साप्ताहिकात आलं, तेव्हा मी तोऱ्यात गप्प बसलो. वर्ष निघून गेलं. पण गेल्या दिवाळी अंकात त्यांनी तोच मजकूर पुन्हा छापला. नवं छापणं, नवी मुदत! ती या शनिवारी संपते. तुम्ही साक्षीला या."

"लिवलंय तरी काय? मला काय वाचता येत न्हाई."

हिंदुरावांनी खिशातून कात्रण काढलं, पण त्याकडे बघायची गरजच पडली नाही. सगळं तोंडपाठ. कणसे नावाच्या भोंदूनं एका पैलवानाचं कोपर कायमचं वाकडं केलं, इथपासून त्यांनी खणखणीत आवाजात शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

"सगळं खोटं! माझ्याकडं येईल त्याला मी आधी हे वाचून दाखवतो, मग खरं काय ते सांगतो."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. एक दिवस खाडा नाही."

उस्तादांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. समोर निखळलेला खांदा धरून शेवंताबाई बसल्या होत्या. त्यांना म्हणाले, "बाई, माझ्या हातात आता जोर न्हाई. तुझा खांदा आज हिंदुराव बसवंल."

शेवंताबाई चटकन मागं सरकल्या.

"नगं बाबा! त्या पैलवानाचं कोपर गेलं म्हनं."

"तुला कुणी सांगितलं?"

बाईंनी हिंदुरावांकडं बोट केलं.

...

हिंदुरावांचा चेहरा खर्रकन उतरला. अशी किती माणसं मागं सरकली असतील या नऊ वर्षांत? त्यांना मनापासून वाईट वाटलं.

त्यांनी कात्रण खिशात कोंबलं आणि बाईंसमोर बसकण मारली. पडलात कुठं, विचारलं. गोठ्यात, म्हणाल्या. मग गोष्टी म्हशीवर आल्या. बोलता बोलता बाईंनी आपणच खांदा पुढं केला.

"दूध किती देते?"

"सकाळचं चार लिटर, पन रेडकू गेल्यापासनं..."

कट्‌!

बाईंनी हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. "आगं बया, बसला की! कळलंबी न्हाई."

अंगण हसलं. हिंदुरावही हसले. इतकं हलकं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

पण शनिवार काही डोक्यातून जाईना.

"मग उस्ताद... दावा लावू ना?"

उस्तादांनी दुसरी कामटी तासायला घेतली.

"लाव की. फकस्त ज्यांच्यावर लावायचा, त्यांच्यात पयलं नाव संपादकाचं घालायचं का तुझं, तेवढं वकिलाला इचारून घे."