टिकलीची हरवलेली उडी

एक होती टिकली. कुत्र्याचं इवलंसं पिल्लू. अंग काळं, कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून ती टिकली.

टिकली कधी चालायचीच नाही. उड्या मारायची. ओट्यावर टुणुक. अंगणात टुणुक. बाभळीखाली टुणुक, आणि... कच्!

पायात काटा. खोल गेला, आत बसला.

टिकली गोदाक्काची लाडकी. घरात कुणाला काही लागलं, की गोदाक्काचा हात हळदीच्या डब्यात. तिने पायाला हळद लावली. वर चिंधी बांधली. होईल हो बरं, म्हणाली.

बरं कुठलं? वर हळद, आत काटा. पाय सुजला. ठणकायला लागला. टिकलीची उडी हरवली. टुणुक टुणुक गेलं. राहिलं टप टप टप, एक पाय वर.

"गोदाक्का, गोदाक्का, काटा आत आहे. काढतेस का?"

आक्काने चिंधी सोडली. डोळे बारीक केले. "चष्म्याशिवाय दिसत नाही गं. आणि चष्मा बोक्याच्या पोटाखाली. हात लावला की बोचकारतो मेला. बोका उठू दे, मग काढीन."

टप टप टप, एक पाय वर. टिकली गेली बोक्याकडे. बोका गोधडीवर ऐसपैस पसरला होता.

"बोकोबा, बोकोबा, उठता का?
आक्काला काटा दिसेना,
माझी उडी मला सापडेना."

बोक्याने एक डोळा उघडला. "सकाळपासून माझी वाटी कोरडी. उपाशीपोटी उठायचं कशाला? शेळी दूध देऊ दे, मग उठेन."

टप टप टप, एक पाय वर. टिकली गेली शेळीकडे. शेळी मान ताणून उभी होती.

"शेळीमावशी, शेळीमावशी, दूध देतेस का?
बोका काही उठेना,
आक्काला काटा दिसेना,
माझी उडी मला सापडेना."

"गळ्यातलं दावं बघ, किती आखूड," शेळी म्हणाली. "पाला समोर, तोंड पोचत नाही. पोटात नाही, तर आचळात कुठून येणार? दादा दावं सोडू दे, मग देईन."

टप टप टप, एक पाय वर. टिकली गेली सोपानदादाकडे. सोपानदादा म्हणजे आक्काचा मुलगा. तो बैलाला घेऊन डोणीपाशी उभा होता. डोणी म्हणजे बैलाची पाणी प्यायची दगडी टाकी.

"सोपानदादा, सोपानदादा, दावं सोडतोस का?
शेळी दूध देईना,
बोका काही उठेना,
आक्काला काटा दिसेना,
माझी उडी मला सापडेना."

"कसा येऊ गं?" दादा म्हणाला. "बैल उन्हातून आलाय. तहानलाय, तरी पाण्याला तोंड लावीना. याला असा टाकून येऊ? बैल पाणी पिऊ दे, मग सोडीन."

टिकली दमली. पायाची आग आग होत होती. ती जरा बसली. मग उठली. मान वर करून बैलाकडे पाहिलं.

"बैलकाका, बैलकाका, पाणी पिता का?
दादा दावं सोडीना,
शेळी दूध देईना,
बोका काही उठेना,
आक्काला काटा दिसेना,
माझी उडी मला सापडेना."

बैलाने मान खाली आणली. "पोरी, डोणीत बघ."

टिकलीने पाहिलं. आक्का रोज ताजं पाणी ओतायची, पण जुन्यावरच ओतायची. तळाशी शेवाळ. हिरवं, बुळबुळीत. वास येत होता.

"वर ताजं, खाली शिळं," बैल म्हणाला. "पिऊन पोट दुखतं माझं. कुणी डोणी घासू दे, मग पिईन."

"डोणी कोण घासतं?"

"आक्का," बैल म्हणाला.

टिकली मागे फिरली. अंगण केवढं मोठं वाटलं. टप टप. थांबली. टप. उंबऱ्याशी आली आणि बसलीच.

"गोदाक्का, गोदाक्का,
डोणी कोणी घासेना,
बैल पाणी पिईना,
दादा दावं सोडीना,
शेळी दूध देईना,
बोका काही उठेना,
आक्काला काटा दिसेना,
माझी उडी मला सापडेना."

फिरून फिरून गोष्ट आक्काच्याच दारात आली होती. वर ताजं, खाली शिळं. वर हळद, आत काटा. तिला फार वाईट वाटलं.

"डोणी घासायला चष्मा कशाला लागतो?" आक्का म्हणाली. आणि तिने पदर खोचला.

खर खर खर! काथ्याने डोणी घासली. हिरवं पाणी काढून टाकलं. तळाचा दगड दिसू लागला. मग नवं पाणी भरलं.

बैल पाणी प्याला, गट गट गट.
दादाने दावं सोडलं.
शेळीने पाला खाल्ला, कुरुम कुरुम. दूध दिलं, चुर्र चुर्र.
आक्काने वाटी भरली. बोका उठला, लप लप लप.
आक्काने चष्मा घातला.
आक्काला काटा दिसला.

आधी तिने हळद धुतली. दादाने टिकलीला मांडीवर धरलं. आक्काने चिमटा लावला. कँय! निघाला. काळा, टोकदार. पाय पुन्हा धुतला. सूज उतरली नाही, तर सकाळी गुरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, असं दादाने ठरवलं.

"आता आधी बघेन गं," आक्का टिकलीच्या कानात म्हणाली. "हळद मग."

उडी लगेच आली का? नाही. टिकली आक्काच्या कुशीत झोपली. सकाळी सूज उतरली होती. टिकलीने चौथा पाय हळूच टेकवला. टप टप टप टप. अंगणात आली. आक्का पुन्हा डोणी घासत बसली होती. खर खर खर. टिकलीने तिच्याकडे पाहिलं, आणि...

टुणुक!

बाभळीचा काटा चुलीला, टिकलीची उडी टिकलीला.