शेठची तान

मिरजेच्या रावजीमास्तरांना बँडच्या तालमीच्या खोलीसाठी स्पीकर हवा होता. दुकानदार पोपटशेठ छोट्या स्पीकरकडे बघूच देईनात. "मोठाच घ्या! यात कुणीही गोड गातं," म्हणत त्यांनी माइक धरून स्वतःच तान मारली. दुकान घुमलं. मोठ्याची किंमत ऐकून मास्तर बिचारे हातातलं क्लॅरिनेट गहाण टाकायच्या विचारात पडले.

तेवढ्यात मास्तरांबरोबर आलेली बँडची गायिका शेवंता म्हणाली, "शेठ, हीच तान छोट्यात घ्या की!"

शेठनी घेतली. बेसूरपणा असा उघडा पडला, की गिऱ्हाइकं तोंड लपवून हसू लागली.

शेवंता म्हणाली, "मास्तर, छोटाच घ्या. तालमीत चूक झाकणारा नको, ऐकवणारा हवा. मोठा राहू दे इथंच, शेठना लागेल!"

मास्तरांनी क्लॅरिनेट छातीशी धरलं. "पोरी, तू होतीस म्हणून हे माझ्याबरोबर घरी येतंय."