तापवेशीची सावली

एका राज्यात जिथे रस्ते संपत आणि दुसऱ्या राज्यात जिथे ते सुरू होत, त्या मधल्या जागी तापवेस नावाचे गाव होते. एक पेठ, एक जुनी चिंच, समोरासमोर दोन चौक्या, आणि बाकी सारे ऊन. पेठेच्या मधोमध सीमा गेलेली. सूर्य उगवे त्या बाजूची दुकाने पूर्वेच्या राजाची, मावळे त्या बाजूची पश्चिमेच्या राजाची. माणसे मात्र एकमेकांत पार मिसळून गेलेली. लेकी पलीकडे दिलेल्या, सुना अलीकडे आणलेल्या. देवाला एका भाषेत आळवीत, पोरांना दुसऱ्या भाषेत रागावीत. भांडणे होत, पण फार वेळ चालत नसत. घसा कोरडा पडे.

होळी सरली की पेठेतल्या फरश्या अशा तापत, की बाया त्यांच्यावर भुईमुगाच्या शेंगा भाजून घेत. कावळे उडायचे सोडून चोच वासून चालत जात. वाटेत कोणी भेटले तर 'बरे आहात का' असे कोणी विचारत नसे. 'पाणी प्यायलात का?' असे विचारीत, आणि उत्तर काहीही आले तरी तांब्या पुढे करीत.

एवढे ऊन माणसाने सोसले असते. पण तापवेशीत सावली नव्हती.

चिंचेला पाने होती, पण पानांतून ऊन चाळणीतल्या पिठासारखे खाली उतरे. छपरातून उतरे, छत्रीतून उतरे. दुपारी माणसे तळघरात जाऊन बसत. तिथे अंधार असे, पण तो अंधारही पोळलेला असे.

त्याचे कारण असे. सकाळी चिंचेची सावली पश्चिमेच्या राज्यात पडे आणि दुपार कलली की पूर्वेच्या राज्यात जाई. पश्चिमेचा राजा म्हणाला, "आमची सावली रोज पळवून नेली जाते." पूर्वेचा राजा म्हणाला, "झाडाचे मूळ आमच्या मातीत आहे. सावली आमची." सैन्ये उभी राहिली. निवाडा करायला कवडीनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावले. त्याने दोन्ही राजांचे ऐकले. गावकऱ्यांचेही ऐकले, आणि तेव्हा गावकरीही आपापल्या राजाच्या नावाने ओरडत होते. मग कवडीनाथाने चिंचेखालची सावली चटईसारखी गुंडाळली. तिच्या पाठोपाठ घरांच्या, गुरांच्या, माणसांच्या सावल्या ओढल्या गेल्या. त्या त्याने तांब्याच्या पेटीत घातल्या. "जी तुम्हाला वाटून घेता येत नाही, ती तुम्हाला नको," एवढे बोलून तो पेटीसह माळापलीकडच्या काळ्या टेकडीवर निघून गेला.

दोन्ही राजांनी सावली आणायला शूर माणसे पाठवली. एकही परत आला नाही.

त्या गावात निंबाक्का नावाची बाई होती. चिंचेच्या बुंध्याशी तिची पाणपोई होती. नवरा उन्हाने गेलेला, मुलगा नाही, एकच लेक, तिचे नाव हौसा. हौसाचे सासर रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात. गेल्या वैशाखात हौसाला मूल झाले आणि दिवस मावळायच्या आत उन्हाने मिटले. आता ती पुन्हा दिवसांत होती, आणि पुन्हा वैशाखच येऊ घातला होता.

बाळंतपणासाठी ती रस्ता ओलांडून माहेरी आली. निंबाक्काने तिला तळघरात ओल्या वाळ्यावर निजवले.

हौसा म्हणाली, "आई, या खेपेला बाळाचं नाव आधी ठरवायचं नाही."

निंबाक्काने वाळ्यावर आणखी पाणी शिंपडले. वर येऊन तिने घागर उचलली आणि रोजच्यासारखी माळाच्या कडेला गेली. तिथे उघड्या मातीत एक टिटवी अंडी घालून बसत असे. अंडी भाजू नयेत म्हणून निंबाक्का भोवतीची माती भिजवून येई. त्या पहाटे तिने पाणी शिंपडले, आणि टिटवी बोलली.

"आजवर माझं एकही पिल्लू जगलं नाही. तुझ्या पाण्यानं अंडी निभावतात, पिल्लं निभावत नाहीत. सावली आणावी लागेल."

"ती कुठं आहे?"

"काळ्या टेकडीवर. वाट मी दाखवते. पण एकटी येऊ नको. आजवर जो आला तो एकाच बाजूचा आला."

हौसाला शेजारणींवर सोपवून निंबाक्का पश्चिमेच्या चौकीकडे गेली. तिथे सिद्धाप्पा नावाचा शिपाई भाला घेऊन उभा होता. ती राहत होती पूर्वेच्या राज्यात, म्हणजे कायद्याने तो तिचा शत्रू. बारा महिने तो तिच्याच पाणपोईचे पाणी पीत होता.

"सिद्धाप्पा, मी सावली आणायला निघाले. पलीकडचं माणूस सोबत हवं आहे."

सिद्धाप्पाने टेकडीच्या दिशेने पाहिले. त्याचा थोरला भाऊ इराप्पा कित्येक वर्षांपूर्वी त्याच वाटेने गेला होता.

"अक्का, चौकी सोडली तर राजा मान उडवील."

"मग नको."

"नको म्हणालो नाही," सिद्धाप्पा म्हणाला. त्याने भाला चौकीला टेकवून ठेवला आणि पाण्याची पखाल खांद्यावर घेतली.

अंड्यांवर नराला बसवून टिटवी पुढे झाली, मागे दोघे, असा प्रवास सुरू झाला. माळावर झाड नव्हते, झुडूप नव्हते. जमिनीवर वाफेचे तलाव दिसत आणि जवळ गेले की विरत. दोघे पाणी घोटघोट पुरवून पीत होते. सिद्धाप्पा लहानपणीच्या गोष्टी सांगे. इराप्पा त्याला खांद्यावर घेऊन पेठेत फिरवी, आणि एकदा गुळाची ढेप पळवताना दोघेही सापडले होते. निंबाक्का हसे, आणि मग तळघरातली हौसा आठवून पावले भरभर उचली.

काळ्या टेकडीवर कवडीनाथ बसला होता. केस पांढरे, गळ्यात कवड्यांची माळ, शेजारी तांब्याची पेटी. तोही भर उन्हातच होता. पेटीतल्या सावलीला त्याने कधी हात लावला नव्हता. त्याच्या अंगणात माणसाएवढी उंच वारुळे उभी होती.

"कोण तुम्ही?"

"तापवेशीची माणसं," निंबाक्का म्हणाली.

"दोघांचे राजे वेगळे दिसतात."

"गाव एक आहे."

कवडीनाथाने वारुळांकडे बोट दाखवले. "ही दोन्ही राजांची माणसं. सावली आमच्या राजाची, असं म्हणत आली आणि तशीच उभी राहिली. तहानलेली आहेत. यांना पाणी घाला. हे पहिलं काम."

पाणी होते ते पखालीत, तेही निम्मे. ते संपले तर परतीची वाट कोरडी होती. सिद्धाप्पा एकेका वारुळापाशी थांबून निरखू लागला. माती सारखी, उंची सारखी. कोणते पश्चिमेचे, कोणते पूर्वेचे, कळायला मार्ग नव्हता. त्याने एका वारुळाला हात लावला आणि हलकेच हाक मारली, "इराप्पा?" वारूळ बोलले नाही.

"अक्का, माझा भाऊ कुठला तेच कळत नाही."

"मग सगळ्यांना घाल."

दोघांनी साऱ्या वारुळांना पाणी घातले. शेवटच्या वारुळावर निंबाक्काने पखाल पिळून रिकामी केली. माती गडद झाली, आतून कोणीतरी निःश्वास सोडावा तसा आवाज आला, आणि पुन्हा सारे शांत झाले.

"दुसरं काम," कवडीनाथ म्हणाला. "एका प्रश्नाचं उत्तर द्या. सावली कोणाची?"

सिद्धाप्पाने निंबाक्काकडे पाहिले. निंबाक्का पुढे झाली.

"मला ठाऊक नाही, महाराज. माझी लेक बाळंत व्हायची आहे. मागचं मूल मी या हातांनी मातीत ठेवलं. सावली कोणाची ते तुम्ही ठरवा, देव ठरवो. मला ती हवी आहे."

मांत्रिकाने डोळे मिटले. "इथं आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पेटी उचला. ती गावापर्यंत नेणं हे तिसरं काम. वाटेत पेटी उघडाल तर सावली तिथंच बाहेर पडेल. एकदा बाहेर पडली की ती माझं ऐकणार नाही आणि तुमचंही ऐकणार नाही. पुढं काय करायचं ते तीच ठरवील."

पेटी जड नव्हती, पण गार होती. हात लावला की बोटांना चिंचेच्या पाल्याचा वास येई. दोघे आळीपाळीने ती डोक्यावर घेऊन निघाले. पाणी नव्हते. ओठ फुटले, जिभा जड झाल्या. ज्या दिवशी क्षितिजावर गावातल्या चिंचेचा शेंडा दिसला, त्याच दिवशी भर दुपारी सिद्धाप्पा कोसळला.

त्याच्या अंगाचा घाम आटला होता. कातडी चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती. डोळे वर फिरले होते आणि तो इराप्पाला हाका मारीत होता. निंबाक्काने त्याच्यावर पदर धरला. पदरातून ऊन तसेच खाली उतरले. तिने त्याला ओढायचा प्रयत्न केला, पण तिच्यातही बळ उरले नव्हते.

मधेच तो शुद्धीवर आला. "अक्का, तू जा. पेटी घेऊन जा. थांबू नको."

निंबाक्काने पेटी उचलली. ती चालू लागली. समोर चिंचेचा शेंडा होता, त्याखाली गाव, गावात तळघर, तळघरात हौसा. ती बरीच पुढे गेली. मागून इराप्पाच्या नावाने हाका येत होत्या, मग त्या बारीक झाल्या, मग थांबल्या. निंबाक्काही थांबली. बाळाला मातीत ठेवताना जी शांतता होती, तीच ही होती. ती तिला सोसली नाही.

ती मागे फिरली. फिरताना मोठ्याने रडत होती, आणि रडताना सिद्धाप्पाला शिव्या देत होती.

"उठला नाहीस तर बघ," असे म्हणत तिने पेटी त्याच्या उशाशी ठेवली आणि झाकण उघडले.

सावली घागरीतल्या पाण्यासारखी बाहेर सांडली. काळीभोर, गार, पानापानांची. माळावर झाड नव्हते, पण चिंचेची सावली पसरली. सिद्धाप्पाचे अंग तिच्यात बुडाले. टिटवी उडून गेली आणि गावाजवळच्या डबक्यात पोट भिजवून परत आली. निंबाक्काने तिची ओली पिसे सिद्धाप्पाच्या ओठांवर पिळली. टिटवी पुन्हा गेली, पुन्हा आली. उन्हे कलताना त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्याने डोळे उघडले आणि वर पाहिले. मग बाजूची उघडी पेटी पाहिली.

"अक्का, हे काय केलंस?"

"चल," निंबाक्का म्हणाली. "चालता येतं का बघ."

रिकामी पेटी तिथेच टाकून ती उठली. हौसाला काय सांगायचे याचा विचार करीत ती मान खाली घालून चालू लागली. सिद्धाप्पा तिच्या मागे लंगडत होता. काही अंतर गेल्यावर तो म्हणाला, "अक्का, पाय पोळत नाहीत."

निंबाक्काने खाली पाहिले. तिचे पाय सावलीत होते. ती चालली, सावली चालली. ती थांबली, सावली थांबली. चरायला नेलेली गाय संध्याकाळी घरच्या माणसामागे चालते, तशी ती दोघांच्या मागे येत होती.

टिटवी वरून म्हणाली, "मागं वळून बघत बसू नका. तिला घर ठाऊक आहे."

सावली वेशीतून आत आली. आधी ती चिंचेखाली बसली. मग तिच्यातून लहानमोठे तुकडे सुटले आणि आपापल्या धन्याकडे गेले. घराची सावली घराला लागली, बैलाची बैलाला. म्हातारी माणसे अंगणात येऊन आपल्या सावल्या पाहू लागली. सावली कधी न पाहिलेली मुले किंचाळत पळाली. ती पळत तशा त्यांच्या सावल्याही मागे पळत, म्हणून ती आणखीच किंचाळत. सारी पेठ हसू लागली. त्या पेठेत एवढा वेळ कोणी हसले नव्हते.

वैशाखात, ऐन दुपारी, चिंचेखाली साड्यांचा आडोसा करून बायांनी हौसाचे बाळंतपण केले. मुलगी झाली. संध्याकाळ झाली, ती रडत होती. दुसरी सकाळ झाली, ती आणखी जोरात रडत होती. निंबाक्का त्या रडण्याला कान लावून बसली होती, आणि माळाच्या कडेला टिटवी आपल्या पिल्लांवर पंखांची सावली धरून बसली होती.

त्याच सुमारास काळ्या टेकडीवरची वारुळे फुटली. आतून माणसे निघाली, अंगावरची माती झटकीत तापवेशीला आली. इराप्पा त्यांच्यात होता. तो गेला तेव्हा होता तेवढाच तरुण राहिला होता आणि सिद्धाप्पाचे केस पिकू लागले होते. इराप्पाने त्याला ओळखले नाही. सिद्धाप्पा म्हणाला, "गुळाची ढेप." इराप्पाने त्याला मिठी मारली.

सावली परत आल्याचे कळताच दोन्ही राजे फौजा घेऊन धावले. दोघे येऊन पोहोचले ते माथ्यावर सूर्य असताना. चौकी सोडून गेलेल्या शिपायाला समोर आणा, असा पश्चिमेच्या राजाने हुकूम केला. सिद्धाप्पा पुढे आला. त्याच्यामागे वारुळांतून सुटलेली सारी माणसे येऊन उभी राहिली, दोन्ही राजांची. त्यांच्यामागे सारे गाव उभे राहिले. कोणी ओरडले नाही.

राजे उन्हात उभे होते आणि गाव सावलीत होते. शेवटी पूर्वेचा राजा चिलखत काढून चिंचेखाली येऊन बसला. थोड्या वेळाने पश्चिमेचाही आला. सावली तेव्हा बुंध्याभोवती गोल पडली होती आणि बसायला जागा थोडी होती, म्हणून दोघांना खांद्याला खांदा लावून बसावे लागले. उन्हे कलली तेव्हा दोघांनी मिळून दवंडी पिटवली, की चिंचेची सावली बसणाऱ्याची. दोन्ही चौक्या मोडल्या गेल्या. सिद्धाप्पाची मान शाबूत राहिली. तो आणि इराप्पा पाणपोईवर घागरी वाहू लागले.

ऊन काही कमी झाले नाही. तापवेशीत आजही फरश्यांवर शेंगा भाजतात आणि कावळे चालत जातात.

पुढे एका उन्हाळ्यात एक पांढऱ्या केसांचा म्हातारा पेठेत आला. गळ्यात कवड्यांची माळ होती. "पाणी प्यायलात का?" असे निंबाक्काने विचारले. तो पाणी प्याला, चिंचेखाली उशाला हात घेऊन आडवा झाला, आणि लगेच झोपी गेला. पोरे आरडाओरडा करीत तिथे आली, तेव्हा निंबाक्काने त्यांना खेळायला दुसरीकडे पाठवले.

ज्याने सांगितली त्याचा घसा ओला राहो, ज्याने ऐकली त्याच्या माथ्यावर छाया राहो.