बस्त्याची गादी

तालुक्याच्या एका गावी बसवंतशेठ नावाचा एक दुकानदार होता. दुकान चांगलं तीन मजली. खाली किराणा, मधे भांडीकुंडी आणि सगळ्यात वर कापड. आसपासच्या खेड्यांतली माणसं खालून सुरुवात करायची आणि पिशव्या सांभाळत वर चढायची.

वरच्या मजल्यावर एक गादी होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी, कडेला तक्के. कुणाच्या घरी लग्न ठरलं की मुलीकडची आणि मुलाकडची माणसं बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं कापड घ्यायला, तिथं यायची. चपला जिन्यात काढायच्या आणि दोन्ही घरांनी एकाच गादीवर समोरासमोर बसायचं. शेठ स्वतः मधे बसायचा. चहा व्हायचा. साड्यांचा डोंगर पडायचा. रंगाबद्दल कुणाला शंका आली, तर शेठ साडी उचलून खिडकीशी उजेडात धरायचा.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? तर सांगतो. लग्न ठरलं की दोन्हीकडे काहीतरी सलत असतंच. कुणाला नमस्कार करायचा राहिलेला असतो, कुणाला पाणी उशिरा मिळालेलं असतं. शेठला चेहरा बघून ते कळायचं. तो म्हणायचा, "विहीणबाई, रुसायचं ते माझ्या गादीवर रुसून घ्या. मांडवात जागा कमी पडते." माणसं हसायची. हसली की सल निघायचा. मग साडी कुठली का घेईनात.

एकदा शेठ मोठ्या शहरात गेला. तिथलं दुकान बघून आला. तिथं कुणी बसत नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. घरी बसून मोबाईलवर वस्तू बघायची, बोट लावायचं, वस्तू दारात हजर. शेठ परतला तो विचार करतच. त्याची बायको पार्वती म्हणाली, "गादीचं काय करणार?"

"काढणार. अर्धा दिवस बसतात, किटलीभर चहा पितात आणि शेवटी पहिली दाखवलेली साडी घेतात."

"पण घेतात ना?"

शेठनं नोकरांना हाक मारली. गादी गुंडाळून माळ्यावर गेली. खाली सुटं धान्य निवडून देणाऱ्या बायका गेल्या. म्हाताऱ्यांसाठी ठेवलेलं बाकडं गेलं. मागणी फोनवर येऊ लागली आणि वर नुसती खोकी आली. खोटं कशाला बोलू, सोयही झाली. ज्यांचे गुडघे गेले होते त्यांना साखर घरपोच मिळू लागली. विक्री वाढली. शेठ खूश होता.

त्याच गावात हौसाबाई नावाची एक विधवा होती. पापड लाटून पोट भरायची. भावाची पोरकी मुलगी वैजयंता, तिला हौसाबाईनंच लहानाची मोठी केली. वैजयंताचं लग्न ठरलं. स्थळ शेजारच्या गावचं, मुलगा गुणी. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. वैजयंता पापड वाळत घालताना गुणगुणायला लागली होती.

पण साखरपुड्यात एक चूक झाली. विधवेनं कुंकू लावायचं नाही, अशी आपली रीत. म्हणून हौसाबाईनं ते काम शेजारणीला सांगितलं. शेजारीण पाहुण्यांना ओळखत नव्हती. मुलाच्या आईच्या, गोदाक्काच्या, थोरल्या जावेला कुंकू लावायचं राहून गेलं. गोदाक्का तिथं काही बोलली नाही. जाताना मात्र तिनं हौसाबाईकडे वळून पाहिलं नाही.

हौसाबाई शेठकडे आली.

"शेठ, एकदाच गादी टाका. दोन्ही घरची माणसं येतो. तुम्ही मधे बसा. गोदाक्कांच्या मनात काहीतरी अडकलंय, ते तुमच्यापुढं निघेल."

गादी माळ्यावरच होती. दोन माणसांनी उतरवली असती. पण शेठ म्हणाला, "हौसाबाई, तुला टाकली की उद्या सगळे मागतील. त्या सगळ्या साड्या आता फोनात आहेत."

"साड्या आहेत हो. पण फोन काय त्यांना हसवणार आहे?"

"काळ बदलला, बाई. तूही शीक."

हौसाबाईनं टेकायला इकडंतिकडं पाहिलं. बसायला बाकडं नव्हतं. मग जिना उतरून गेली.

शेजारणीच्या फोनवर तिनं विहिणीसाठी साडी निवडली. सुरेख वांगी रंग, सोनेरी काठ. शेजारीण म्हणाली, "पत्ता गोदाक्कांचाच घालू. परस्पर जाईल." हौसाबाईला ते बरंच वाटलं. नाहीतरी विहिणीची ओटी तिला स्वतःला भरता आली नसती. विधवेचा हात लागायला नको, साडी आपली सुखरूप पोचू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

दुकानाच्या टेम्पोवाल्यानं गोदाक्काच्या दारात खोकं ठेवलं आणि तो गेला. गोदाक्कानं ते घरातल्या अंधारात उघडलं. वर ना हळद, ना कुंकू, ना खण. आत साडी, आणि ती काळी दिसली.

गोदाक्कानं फोन लावला. "विधवेच्या घरून काळं पाठवलंत? माझ्या मुलाच्या लग्नात?"

हौसाबाई सांगू लागली, वांगी आहे, नीट बघा. पण फोनात रंग दिसत नाही आणि डोळ्यांतलं पाणीही दिसत नाही. कुंकवाचं निघालं. जावेचं निघालं. एक शब्द इकडून, एक तिकडून. फोन बंद झाला तेव्हा लग्न मोडलेलं होतं.

साडी दुकानात परत आली. परत घ्यायची सोय होतीच. टेम्पोवाला शेठला म्हणाला, "ही घ्या. काळी निघाली, हिच्यापायी हौसाबाईकडचं लग्न मोडलं म्हणतात."

शेठनं साडी उचलून खिडकीशी नेली. वांगीच होती. तो तसाच निघाला आणि गोदाक्काच्या गावी गेला. गोदाक्का अंगणात भुईमुगाच्या शेंगा पसरत होती. शेठनं उन्हात साडी उलगडली.

"गोदाक्का, बघा बरं."

गोदाक्कानं पाहिलं. पदर हातात घेऊन फिरवून पाहिला. मग खाली बसली.

"वांगी आहे हो."

"मग उठा. हौसाबाईकडे जाऊ. मी बोलतो."

"काय बोलणार, शेठ? मी तिला म्हणाले, तू नवऱ्याला खाल्लंस, आता माझ्या मुलाला खाशील. आणि ती म्हणाली, तुमची लेक विहिरीत का गेली ते गावाला ठाऊक आहे." गोदाक्कानं साडी शेठकडे सारली. "तुमच्या दुकानात असतो तर दोघींनी जीभ आवरली असती. परक्या माणसापुढं कोण असं बोलतं? आता साडी पांढरी असो नाहीतर हिरवी."

शेठनं साडीची घडी घातली. त्याला ती नीट घालता येईना.

घरी येऊन त्यानं माळ्यावरची गादी काढायला लावली. उंदरांनी कुरतडली होती, तरी पांढरी चादर घालून अंथरली. गावात सांगितलं, या, बसा, चहा घ्या. काही दिवस माणसं वर आली. उभ्या उभ्या विचारलं, "फोनवर स्वस्त आहे का?" चपला काढायला कुणी तयार होईना. जी घरं एकमेकांसमोर बसायला आली असती, त्यांची सवयच गेली होती. शेठनं गादी पुन्हा उचलली.

गोदाक्काच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. हौसाबाईनं अंथरूण धरलं आणि पावसाळ्याच्या आत ती गेली. शेवटपर्यंत एकच म्हणत होती, "मी असं कसं बोलले गं?" वैजयंताला पुढं कुणी विचारलं नाही. मोडलेल्या लग्नाची मुलगी, आणि तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही.

शेठनं तिला दुकानात काम दिलं, वरच्या मजल्यावर साड्या खोक्यांत भरायचं. त्याला वाटलं, तेवढाच मनाला आराम. पण आराम काही पडला नाही. लग्नसराईत एकदा तो धीर करून वर गेला. वैजयंता कुणाच्या तरी शालूचं खोकं बंद करत होती. शेठनं दाराशी चपला काढल्या. खूप काही बोलायचं होतं. शेवटी म्हणाला, "पोरी, तुला काही हवंय का?"

तिनं वर पाहिलं नाही.

"चिकटपट्टी संपलीय, शेठ."

तात्पर्य: वस्तू घरपोच देता येते, पण माणसांना एकत्र बसवणारी जागा घरपोच देता येत नाही, ती मोडण्याआधी विचार करावा, कारण मागाहून पश्चात्ताप करून ना जागा परत येते, ना माणसं.