मुशीची अंडी

"मग माझ्यात अजून काय कमी आहे, माई?"

विश्रामने हे मठातून निघताना विचारलं होतं, खाडीच्या पुलावर विचारलं होतं, आणि आता मत्स्यालयाच्या दारातही तेच विचारलं. अंबूमाई चपला काढायला वाकल्या होत्या. इथे काढायच्या नसतात, असं तिकिटवाल्याने सांगितल्यावर त्या हसून आत शिरल्या.

अंबूमाईंच्या मठात परवानगी तोंडाने द्यायची रीत नव्हती. शिष्य लोकांसमोर बसायच्या लायकीचा झाला असं वाटलं, की माई त्याच्या हातावर नारळ ठेवत. नाही वाटलं, तर त्या नारळाची चटणी होई. आज माईंच्या झोळीत नारळ होता. विश्रामने तो निघतानाच हेरला होता.

त्याला घाई होती, कारण त्याने घोडं आधीच पुढे दामटलं होतं. दत्तजयंतीला बंदरावर मांडव पडायचा होता. त्यात विश्राम महाराज डोळे मिटून मौनात बसणार आणि सगळं गाव दर्शनाला येणार. बॅनरसुद्धा छापून झाला होता. "महाराज, अजून थोडे शांत व्हा," असं सारखं सांगून फोटोग्राफरने त्याला जेरीस आणलं होतं, पण फोटो झकास आला होता.

हल्ली पहाटे तो ध्यानाला बसला की मठाच्या ओट्यावर माणसं जमत. महाराजांचा श्वाससुद्धा दिसत नाही, असं बाजारात बोललं जाई. ते ऐकून तो मनातून फार सुखावे. श्वास दिसू नये म्हणून महाराज काय खटपट करतात, हे अर्थात बाजाराला ठाऊक नव्हतं.

माईंना मुशीची अंडी बघायची होती. कोळीवाड्यातलं त्यांचं लहानपण, त्यामुळे मुशी, म्हणजे छोटा शार्क, त्यांनी ढिगाने पाहिलेला. पण अंड्यातलं जिवंत पिल्लू कधी पाहिलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आत अंधार होता आणि एका काचेमागे उजेड. पाण्यात तपकिरी, चपटी अंडी टांगली होती, जुन्या चामडी बटव्यांसारखी. बघणाऱ्यांच्या सोयीसाठी एका अंड्याचं कवच थोडं कापून तिथे पारदर्शक चकती बसवली होती. त्यातलं पिल्लू अगदी उघड्यावर आलं होतं. बोटाएवढं अंग आणि पोटाला चिकटलेला पिवळा बलक.

सहलीची मंडळी नेमकी त्याच अंड्यासमोर दाटली होती. कुणी काचेवर टकटक करत होतं, कुणी मोबाईल टेकवत होतं. पिल्लू मात्र जराही हलत नव्हतं. ना शेपटी, ना कल्ले.

विश्राम भारावला. माईंना पटवून द्यायला अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"बघा माई. एवढी गर्दी, आणि हे कसं स्थिर. जन्माआधीच समाधी लागली आहे."

"हो का?... मला ती पाटी दिसत नाही. वाचून दाखव."

विश्रामने प्रवचनाच्या सुरात वाचायला घेतलं. अंड्यातलं पिल्लू शेपटी हलवत राहतं, त्यामुळे ताजं पाणी आत येतं, त्यावर ते जगतं आणि वाढतं. मोठा मासा जवळ आल्याचं जाणवलं, की मात्र ते सगळं थांबवतं, अगदी श्वाससुद्धा.

शेवटच्या शब्दांवर त्याचा सूर उतरला.

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी मनातल्या मनात...

माई गर्दीतून पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी पदर काचेवर पसरून उभ्या राहिल्या. ओ आजी, दिसत नाहीये, अशी मागून कुरकुर झाली. माई जागच्या हलल्या नाहीत. म्हाताऱ्या बाईशी हुज्जत कोण घालणार, म्हणून मंडळी कासवं बघायला गेली.

दालन रिकामं झालं. माईंनी पदराचं एक टोक किंचित उचललं आणि विश्रामला जवळ बोलावलं.

बराच वेळ काही झालं नाही...

मग शेपटीचं टोक थरथरलं. थांबलं. पुन्हा हललं, आणि हलतच राहिलं. बारीक कल्ले उघडमीट करू लागले.

आपणच श्वास रोखून उभे आहोत, हे विश्रामच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने तो सोडला. त्याला माईंसमोर फार लाज वाटली, आणि त्या बॅनरवरच्या फोटोची तर त्याहून जास्त.

बाहेर आल्यावर त्याने काही विचारलं नाही. फाटकापाशी माईंनीच झोळीत हात घातला आणि नारळ त्याच्या हातावर ठेवला.

विश्राम बघतच राहिला. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला तो नारळ हातात होता, आणि त्याला तो परत द्यावासा वाटत होता.

"माई... मांडव नको म्हणून सांगू?"

"कशाला? घालू दे. लोकांची हौस आहे."

"आणि मी?"

माईंनी चपलेत गेलेला खडा झटकला आणि त्या पुलाकडे चालू लागल्या.

"तू बस. लोक घरी गेले की बस."