पाकोळीचे पीस

एका डोंगरातल्या गुहेत रानातल्या लहान प्राण्यांचा बाजार भरत असे. तिथेच जन्मलेली एक पाकोळी दूरच्या बर्फाळ मुलखात घरबांधणी शिकून चार दिवसांसाठी परतली. तिला वाटले होते, बाहेर कितीही ऊन असो, आपला बाजार माठासारखा गार असेल. भिंतींना आतून वाळक्या गवताचा जाड थर द्यायचा, असा नियमच होता ना! पण आत पाहते तो भट्टीसारखा उकाडा. सशाचा पाला सुकून गेलेला आणि सगळे गाठोडी बांधताहेत. "परवापासून बाजार नदीकाठी," बाजाराचे मुखिया साळिंदर म्हणाले. नदीकाठी लांडगा दबा धरून बसे. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"मुखियाकाका, थर चांगला आहे. फटी बघू या," असे म्हणून पाकोळीने स्वतःचे एक पीस चोचीत धरले. प्रत्येक दुकानामागे ते थरथरू लागले. घुशीच्या दुकानाशी तर उडूनच गेले! पुढच्या दारात आधी वाट कोणी द्यायची, यावरून रोज रुसवे होत. म्हणून प्रत्येकाने गवत फोडून मागे आपापले बीळ पाडले होते. त्यातूनच गरम वारा आत घुसत होता.

"काय गं पाकोळे, पीस उडवायला एवढ्या लांब शिकायला गेली होतीस?" घूस फिसकारली. "आणि आत्ता तू आलीस कुठून?"

पाकोळी ओशाळली. लहानपणच्या सवयीने ती छतातल्या फटीतूनच आली होती. "चुकलंच, मावशी," म्हणत तिने ओला चिखल आणला आणि आधी आपली फट लिंपली. ते पाहून घूस आपल्या बिळात माती लोटू लागली. तिच्यामागून सगळेच कामाला लागले. कोंदट हवा जाण्यासाठी सावलीकडे एक झरोका तेवढा ठेवला, त्याला पानांचे झाकण केले.

दुसऱ्या दुपारी पीस हलले नाही. पाला टवटवीत राहिला. सशाने गाठोडे सोडले, तशी सगळ्यांनी सोडली. "वाचलो गं बाई!" घूस म्हणाली.

पुढल्या सकाळी पाकोळी पुढच्या दाराशी आली. खारीला आधी वाट दिली, मग स्वतः शिरली. बर्फाळ मुलखात परत न जाण्याचे तिने तिथेच ठरवले.

तात्पर्य : प्रत्येकाने स्वतःपुरती पळवाट ठेवली, तर कितीही जाड भिंत कोणालाच वाचवू शकत नाही; आणि दुसऱ्याची फट दाखवणाऱ्याने आधी आपली बुजवावी.