उघड्या पायाचा खांब

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावातल्या घरांना कुलपं नव्हती. काळज्या मात्र आतासारख्याच होत्या.

त्या गावात एका तेल्याच्या घरात एक विणकर आणि त्याची बायको भाड्यानं राहायला आली. बायको तरुण, पदरात चार महिन्यांची लेक. काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेक शिंकली की ती शिंका मोजायची, आणि नाही शिंकली तर म्हणायची, आज का बरं शिंकत नाही?

तेलीबुवांनी पहिल्याच दिवशी तिला घर दाखवलं. मधोमध लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईला पाळण्याची कडी. करंजाच्या तेलाचा बुधला तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "ऐक, सूनबाई. छप्पर, खांब, तुळई मोडली तर ते माझं काम. झाडलोट, सारवण, भिंतीचे पोपडे, आणि वाळवी लागू नये म्हणून दर अमावास्येला खांबाच्या बुडाला तेलाचा हात, हे तुझं. आणि तुझ्या हाताबाहेरचं काही दिसलं तर मला येऊन सांगायचं. तेही तुझंच."

"हो, बुवा," ती म्हणाली. तिनं तुळईला पाळणा टांगला आणि सांडायला नको म्हणून बुधला फळीवर अगदी मागे सरकवून ठेवला.

बाहेर वारं लागेल, म्हणून ती लेकीला घरातच, खांबाशी बसून न्हाऊ घालायची. पाणी खांबाच्या बुडाशी मुरायचं. काही महिन्यांत तिथून मातीची एक रेघ वर निघाली, दोऱ्याएवढी. वाळवी!

सांगावं, तर बुवा म्हणणार, पाणी कुणी ओतलं? न सांगावं, तर? तिनं खूप विचार केला, आणि खूप विचार करून नेमकं चुकीचं ठरवलं. शेणाचा गोळा घेऊन रेघेवरून हात फिरवला. रेघ दिसेनाशी झाली.

आठवड्यानं रेघ हातभर वर निघाली. तिनं पुन्हा सारवलं. होता होता अख्खा खांब सारवून झाला, त्यावर पांढऱ्या मातीची नक्षीही निघाली. शेजारीण बघायला आली.

"अगं बाई, खांबसुद्धा सारवतेस? आमच्या सुनेला पाठवते हो तुझ्याकडे शिकायला!"

ती हसली. हसता हसता खांबाला पाठ लावून उभी राहिली.

एका दुपारी ती पाळणा हलवत होती. लेकीच्या गालावर पिठासारखं काहीतरी पडलं. तिनं बोटानं टिपलं. पीठ नव्हतं, ओलसर माती होती. वर पाहिलं, तर रेघ खांब ओलांडून तुळईवर चढलेली. पाळण्याची कडी तिथून वीतभर लांब.

तेव्हा तिची भीती पळाली, असं काही झालं नाही. भीती होती तेवढीच होती. फक्त तिच्याकडे बघत बसायला आता सवड नव्हती.

लेकीला उचलून ती अंगणात आली. "अहो, हिला धरा," ती मागावरच्या नवऱ्याला म्हणाली. मग खुरपं घेतलं आणि आपल्याच हातची नक्षी खरवडून काढली. खांबावर टकटक केलं. रिकाम्या मडक्यासारखा आवाज आला.

शेणमातीच्या हातांनीच ती घाण्यावर गेली. "बुवा, खांब वाळवीनं खाल्लाय. बुडाशी पाणी मीच ओतत होते. रेघ निघाली तेव्हाच मला दिसली होती. मी सारवून झाकली."

बुवांनी बैल थांबवला. "आणि तेल?"

"फळीवर आहे. सांडेल म्हणून जपून..."

"जपून? तेल काय लोणचं आहे, मुरत घालायला?" बुवा कडाडले. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "पळीभर तेलानं भागलं असतं, पोरी. आता खांबच बदलावा लागणार. खांब माझा, मी आणतो. पण..."

"पण बाकीचं माझं," ती म्हणाली. "आत्ताच सुरू करते."

सुतारानं तुळईला टेकू दिला. आठ दिवस त्यांचा संसार अंगणातल्या चिंचेखाली मांडलेला होता. पाळणा चिंचेच्या फांदीला, आणि ती घरात. तिनं खांबाभोवतीची ओली जमीन उकरली, कोरडा मुरूम भरून चोपला, लेकीच्या न्हाण्याच्या पाण्याला बाहेर जाणारा पन्हळ काढला, तुळई घासून तिला तेल पाजलं. हात सोलवटले. नवरा म्हणाला, "दे, मी करतो." तिनं खुरपं सोडलं नाही. तुळई थोडक्यात वाचली.

नवा खांब उभा राहिला तशी शेजारीण आलीच. "आता काढ की नक्षी!"

"नको, मावशी. खांबाचा पाय उघडाच राहू दे. मला तो रोज दिसायला हवा."

लेक त्याच तुळईखाली झोके घेत मोठी झाली. आजही त्या गावात बाया सगळं घर सारवतात, आणि खांबाच्या बुडाशी आल्या की वीतभर जागा सोडून हात मागे घेतात.

तात्पर्य: घर कुणाचंही असो, त्याची लहानसहान डागडुजी राहणाऱ्यानं वेळच्या वेळी करावी, आणि हाताबाहेरचं असेल ते न झाकता मालकाला सांगावं.